बिलोलीकरांचा डॅक

पंखा बंद केल्याशिवाय ते गाणं लावत नसत. मे महिन्यातसुद्धा. सीडी चष्म्याच्या फडक्यानं पुसायची, तीही मधून काठाकडे. कुणी गोल फिरवून पुसली तर रस्त्यात थुंकणाऱ्याकडे बघावं तसं त्याच्याकडे बघायचं. पाहुण्याला चहा ऐकून झाल्यावर, कारण कपबशी वाजते. कुकरची शिट्टी झाली की तर्जनी वर. जणू कुकर बघणार आणि गप्प बसणार. कुणी ‘छान’ म्हणालं की ‘काय छान?’ असं विचारायचं आणि उत्तराची वाट न बघता डोळे मिटून घ्यायचे. ‘गाणं ऐकलं’ असं कधी म्हणायचं नाही. ‘रेकॉर्डिंग ऐकलं’ म्हणायचं. यंत्रांना दुसऱ्या कुणाचा हात लागलेला खपत नसे. कामवाली फडकं घेऊन त्या कोपऱ्याकडे वळली की पेपर खाली यायचा आणि तिची पाठ वळेपर्यंत खालीच राहायचा.

हे उदय बिलोलीकर. सरकारी हिशेब खात्यातून निवृत्त. हैदराबादच्या चिक्कडपल्लीत दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट. बायको शोभा, दुपारी मुलींना गाणं शिकवणारी. मुलगा परदेशात. त्याच्याबद्दल ते एवढंच सांगत, “तो फोनवर गाणी ऐकतो,” आणि विषय संपवत.

वरुणची त्यांची ओळख मराठी मंडळाच्या वाचनालयात झाली. वरुण मराठी घेऊन एम. ए. झालेला, गौलीगुड्यात वाढलेला. कपाटाशी उभा राहून कविता वाचत होता. शेजारून आवाज आला, “ओठ हलतात तुझे. निदान स्वतःला तरी ऐकू येतं का?”

दुसरा कुणी असता तर रागावला असता. वरुण खूश झाला. आपल्याला कुणी इतकं बारकाईनं बघितलं, हेच त्याला विशेष वाटलं. पुढच्या रविवारी तो त्यांच्या घरी गेला, त्यांना काका म्हणू लागला आणि मग जातच राहिला.

काकांच्या तिरस्कारात एक ऐट होती. तो ऐकायला वरुणला आवडायचं. “तुमच्या पिढीला कान नाहीत, भोकं आहेत. त्यात गोळ्या घालायच्या आणि बसमध्ये डोकं हलवायचं.” किंवा, “फोनवर मैफल ऐकायची म्हणजे तार करून लग्न लावायचं.” मंडळाच्या सभागृहातल्या कर्ण्यांवर तर त्यांचा खास राग होता. तिथे गाणाऱ्यांवर जास्त, आणि टाळ्या वाजवणाऱ्यांवर सर्वात जास्त. हळूहळू वरुणही नाक मुरडायला शिकला. घरी आई रेडिओ लावायची तेव्हा तो उठून दुसऱ्या खोलीत जाई.

त्या वर्षी काकांना डॅक घ्यायचा होता.

सीडीवर गाणं नसतं, आकडे असतात. त्या आकड्यांचा आवाज करणारी चिप प्लेअरच्या पोटातच असते. काकांचा प्लेअर जुना, त्यामुळे चिपही जुनी. तेव्हा आकडे मागच्या एका भोकातून बाहेर काढायचे, वेगळ्या डब्यात घालायचे, तिथे त्यांचा आवाज करून घ्यायचा आणि तो अॅम्प्लिफायरला द्यायचा. या डब्याला डॅक म्हणतात. काकांनी हे वरुणला इतक्यांदा समजावलं होतं, की त्याला ते पाठ झालं होतं. समजलं होतं की नाही, ते वेगळं.

पहिला डब्बा हिमायतनगरच्या एका दुकानदारानं ऐकायला दिला. काकांनी तो मागे जोडला, पंखा बंद केला, डोळे मिटले. थोड्या वेळानं म्हणाले, “ऐकलंस? हा तबला नाही. घासलेटचा डबा आहे.”

वरुणला डबा ऐकू आला. अगदी स्पष्ट.

“आणि तानपुरा?”

“कोरडा वाटतो,” वरुण घाबरत म्हणाला.

“कोरडा!” काकांनी पहिल्यांदाच त्याच्याकडे मानानं बघितलं. “बघा, साहित्यवाल्यालासुद्धा कळलं. त्या दुकानदाराला नाही कळलं.”

दुसरा डब्बा ओळखीतल्या कुणीतरी सिंगापूरहून आणला. तो काकांच्या मते गोड होता, आणि गोड म्हणजे वाईट. “मधुमेह होईल. आवाजाला जरीचा शालू नेसवलाय.” तोही परत गेला.

या सगळ्यात शोभाकाकू स्वयंपाकघराच्या दाराशी उभ्या असत. तरुणपणी त्या रेडिओवर गायल्या होत्या. पुढे गळ्याचं ऑपरेशन झालं आणि त्या चारचौघांत गायच्या थांबल्या. शिकवणं तेवढं चालू राहिलं. दीपाली नावाची त्यांची एक विद्यार्थिनी मोठी जिद्दीची. तिनं त्यांना नारायणगुड्याच्या एका स्टुडिओत नेलं, त्यांच्याकडून दोन राग आणि एक भजन गाऊन घेतलं आणि सीडी हातात ठेवली. ती ऐकून मंडळाचे चिटणीस लक्ष्मणराव घरी आले. वार्षिक कार्यक्रमात काकूंनीच गावं, असं त्यांचं म्हणणं.

“यांना ऐकू द्या. मग कळवते,” काकू म्हणाल्या होत्या.

त्यालाही कारण होतं. उदय बिलोलीकर हा माणूस एकेकाळी त्यांच्या प्रत्येक कार्यक्रमाला पुढच्या खुर्चीवर असे. चुकलं की मान खाली घाली. त्या मानेवर डोळा ठेवून त्या गायला शिकल्या, असं त्या हसत सांगत. ऑपरेशननंतर आपला आवाज राहिला आहे की गेला, हे त्यांना डॉक्टरकडून नको होतं, दीपालीकडून नको होतं, लक्ष्मणरावांकडून तर नकोच होतं. ते या माणसाकडून हवं होतं.

आणि हा माणूस म्हणत होता, “डॅक येऊ दे. या प्लेअरवर तुझं ऐकणं म्हणजे तुझ्यावर अन्याय.”

वरुणला ते तेव्हा फार थोर वाटलं होतं.

लक्ष्मणरावांचे फोन येत राहिले. पत्रिका छापायला टाकायची होती. काकू म्हणत, “दोन दिवस द्या, परेशान नका होऊ.” मग काकांकडे बघत. काका कॅटलॉग बघत.

तिसरा डब्बा हर्षदचा. हर्षद काकांचा पुण्याचा भाचा, आयटीत नोकरी करणारा, अलीकडेच हैदराबादेत आलेला. तो स्वतःच डब्बा घेऊन आला आणि म्हणाला, “मामा, खरं सांगू? या सगळ्या डब्यांत फार फरक नसतो. आकडे तेच असतात.”

“हौ,” काका म्हणाले. “आणि तू लिहितोस ती अक्षरं आणि वरुण वाचतो ती अक्षरं, तीही तीच असतात. बस खाली.”

हर्षद बसला नाही. डब्बा ठेवून हसत निघून गेला. काकूंनी त्याला जिन्यापर्यंत पोचवलं.

रविवारी सकाळी वरुण गेला तेव्हा सगळं जोडून तयार होतं. काळा, तळहाताएवढा डब्बा. समोर छोटा निळा दिवा. काकांनी आधी दोन-तीन ओळखीच्या सीडी लावल्या. मिटलेल्या डोळ्यांनी बराच वेळ ऐकलं. मग डोळे उघडले आणि म्हणाले, “हा.”

एवढंच. वरुणच्या अंगावर काटा आला.

“ऐक, श्वास ऐक. आधी कधी श्वास होता का? पडदा बाजूला झाला. हा खोटं बोलत नाही. शोभा! आण तुझी सीडी.”

काकूंनी हात पदराला पुसले. सीडी आणून दिली आणि खुर्चीच्या कडेवर बसल्या. काकांनी सीडी मधून काठाकडे पुसली, लावली. आवाज सुरू झाला. जाडसर, थोडा खालच्या पट्टीत गेलेला. वरुणला तो चांगला वाटला. पण तोंड उघडायची त्याची छाती नव्हती. त्यानं काकांच्या चेहऱ्याकडे बघितलं. काकूही तिकडेच बघत होत्या.

मान खाली गेली.

“बसलाय,” काका म्हणाले. “आवाज बसलाय, शोभा. वरचा सा पोचत नाही, रेटावा लागतो. जुन्या प्लेअरवर असतं तर मी म्हटलं असतं, यंत्राचा दोष. पण आता ती सोय नाही. या डॅकवर जे ऐकू येतं ते खरं.” मग जरा थांबून, बरीच दया दाखवल्यासारखं म्हणाले, “मंडळात चालून जाईल म्हणा. त्यांना काय कळतंय. पण आपल्याला कळतं ना.”

 काकू उठल्या. “लक्ष्मणरावांना सांगून टाकते,” म्हणाल्या. “उगी खोळंबलेत बिचारे.”

फोन पलीकडे टेबलावर होता. त्यांना वाट द्यायला वरुणनं पाय आत घेतला. पायात वायर अडकली. भिंतीतला अॅडाप्टर खळ्‌कन निघून फरशीवर पडला.

डॅकचा निळा दिवा विझला.

गाणं चालूच राहिलं.

तो जाडसर आवाज, तो तानपुरा, तो श्वास. सगळं तसंच. वरुण खाली वाकलेला तसाच राहिला. अॅडाप्टर त्याच्या हातात. त्याला वाटलं, यात बॅटरी असेल. त्यानं डब्बा उचलून बघितला. डब्बा थंड आणि मेलेला होता.

“काका,” तो म्हणाला, “हा बंद पडलाय.”

“मग लाव परत.”

“नाही, म्हणजे... गाणं कुठून येतंय?”

काका पुढे झाले. मागे बघितलं, पुढे बघितलं. मागे सगळं ठीक होतं. डॅकच्या तारा ‘ऑक्स’ लिहिलेल्या भोकांत होत्या. प्लेअरच्या जुन्या तारा ‘सीडी’च्या भोकांत होत्या, तुलनेसाठी लागतात म्हणून त्या काकांनी कधी काढल्याच नव्हत्या. दोन्हींपैकी काय ऐकायचं, ते अॅम्प्लिफायरच्या पुढच्या बटणानं ठरतं. ते गोल बटण ‘सीडी’वर होतं. आणि त्यावर चिकटपट्टी होती.

जुनी, पिवळी पडलेली चिकटपट्टी. कामवालीच्या फडक्यानं बटण सरकू नये म्हणून काकांनीच कधीतरी लावलेली. तिला अक्कल नाही म्हणून. ती जाऊन दुसरी आली, मग तिसरी. पट्टी तिथेच राहिली, आणि रंग जाऊन बटणाचाच एक भाग झाली. काका इतके महिने मागे डबे बदलत होते. पुढे बटण जागचं हललं नव्हतं.

घासलेटचा डबा, मधुमेह, शालू, श्वास. सगळं त्या जुन्या प्लेअरचं होतं. एकच आवाज. आणि वरुणलाही त्यात तानपुरा कोरडा ऐकू आला होता.

काकू फोनपाशी उभ्या होत्या. त्या परत आल्या. चष्मा लावला. चिकटपट्टीवरून बोट फिरवलं.

“म्हणजे हे जुन्यावरच चाललंय?”

काका मागच्या तारा चाचपू लागले.

“अहो, मी विचारते. आत्ता ऐकलंत ते जुन्यावर?”

“तत्त्वतः,” काका म्हणाले, “तत्त्वतः हो. पण कान माझे आहेत ना. कानाला कळतं. आवाज बसलाय तो बसलाय. तो यंत्रानं बदलत नाही.”

“यंत्रानं बदलत नाही?”

“नाही.”

“मग ही डबडी कशाला आणत होतात? मला सहा महिने कशाला उभं केलंत दारात?”

“बदलतं. म्हणजे, फरक असतोच.”

“असतो ना? मग जुन्यावर ऐकून माझा आवाज गेला, हे कसं सांगितलंत? ती सोय राहिली नाही म्हणालात ना? राहिलीय की.”

काकांनी वरुणकडे बघितलं. अशा वेळी ते नेहमी त्याच्याकडे बघत, आणि तो मान हलवत असे. वरुण अॅडाप्टरकडे बघत राहिला.

“काढा ती पट्टी,” काकू म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. “बटण फिरवा आणि ऐका. मी बसते इथे. काय असेल ते सांगा, मी ऐकून घेईन.”

काकांनी हात पुढे केला. नखानं पट्टीची कड धरली. मग हात मागे घेतला.

“आता नको,” ते म्हणाले. “आता कान थकलेत.”

 काकू हसल्या. वरुणनं ते हसू आधी कधी बघितलं नव्हतं. त्यात राग नव्हता. काका दुकानदारांबद्दल बोलताना हसत, तसलं ते हसू होतं. सहज, वरून खाली.

त्या फोनकडे गेल्या. “लक्ष्मणराव? हौ, मी शोभा. छापायला टाका. दोन राग आणि एक भजन. नाही, त्यांना विचारायचं राहिलेलं नाही. तबल्याला तेवढा चांगला माणूस बघा.”

मग त्या आत गेल्या आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा, सीडी चालू असताना, त्यांनी कपबश्या खणखणीत मांडल्या. तर्जनी वर झाली नाही.

कार्यक्रम मंडळाच्या त्याच सभागृहात, त्याच कर्ण्यांवर झाला. वरचा सा काकूंना खरंच रेटावा लागला. त्यांनी तो रेटला, मग पुन्हा घेतला, आणि दुसऱ्यांदा तो लागला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. वरुणनंही वाजवल्या, जोरात. पुढच्या रांगेत काका नव्हते. त्यांना घरी काम होतं.

कार्यक्रम संपल्यावर वरुण काकूंना घरी सोडायला गेला. काका फरशीवर बसले होते. यंत्रं पुढे ओढलेली, सगळ्या वायरी उपसून पसरलेल्या. हातात कात्री, जवळ कागदाच्या पट्ट्या आणि स्केचपेन.

“दोष वायरींचा,” काका मान वर न करता म्हणाले. “सगळ्या सारख्याच काळ्या. बनवणाऱ्यांना अक्कल नाही. प्रत्येकीला चिठ्ठी लावतो. मग जोडतो, मग ऐकतो तुझं. नीट ऐकतो.”

काकूंनी गजरा काढून टेबलावर ठेवला आणि वायरी ओलांडून आत गेल्या.

वरुण आता तिकडे कमी जातो. गेल्या आठवड्यात गेला होता. मधे दिवाळी होऊन गेली. वायरी फरशीवरच होत्या, कामवाली त्यांच्या कडेनं झाडत होती. काका पेपरात. काकूंच्या वर्गाचा आवाज आतून येत होता. वरुणनं खाली बघितलं. एका वायरीला चिठ्ठी लागली होती. दुसरीवर काकांनी नुसता डिंक लावलेला होता. तो वाळून गेला होता.