लष्कराची काच

चऱ्होलीला माझ्या सासऱ्यांच्या ओट्यावरून आळंदीचा रस्ता दिसे. त्या रस्त्यावरून कोणी घराकडे वळला की ते आधी त्याला रायफलच्या दुर्बिणीतून न्याहाळत आणि मगच बोलत. मी मुलगी पाहायला गेलो तेव्हाही त्यांनी तेच केलं. मी सतरंजीवर टेकल्यावर म्हणाले, "मास्तर, चश्मा बाजारचा हाय तुमचा. डावी काडी वाकडी. लांबूनच दिसली." त्या दिवशी ते माझ्याशी एवढंच बोलले.

गावात त्यांना सगळे सुभेदार म्हणत. लढाई संपल्यावर लष्कराच्या लिलावात त्यांनी ही दुर्बीण घेतली होती आणि तिच्यापायी सासूबाईंच्या पाटल्या गेल्या होत्या. पाटल्यांचा विषय निघाला की ते म्हणत, "पाटली मिरवायला लागती. काच कामाला लागती." स्वस्त वस्तूंचा त्यांना राग होताच, पण त्या वापरणाऱ्या माणसांचा अधिक होता. जावई म्हणून मी त्या माणसांत पहिला होतो. त्यांचा मुलगा शिवराम दुसरा.

शिवराम पिंपरीच्या एका कारखान्यात लेथवर होता. काम टेंपररी होतं, आणि एका पावसाळ्यात ते सुटलं. त्याच सुमारास इंद्रायणीकाठच्या झाडीतली रानडुकरं भुईमुगात उतरू लागली. पंचायतीने परवाना काढून एक रायफल आणली आणि ठरवलं की शेतराखणीला एक नेमबाज ठेवायचा, त्याला प्रत्येक शेतातून धान्याचा वाटा द्यायचा. शिवरामला ते काम हवं होतं. ते मिळालं तर बायकोपोरांसह घरी राहता येणार होतं, नाहीतर मुंबई. त्याने पिंपरी कॅम्पातल्या एका दुकानातून हलकी, जुनी दुर्बीण आणली, तिची बैठक एका सोबत्याच्या लेथवर स्वतः करून घेतली आणि ती पंचायतीच्या रायफलीवर पक्की आवळली.

सुभेदारांनी ती हातातही घेतली नाही. पंचांसमोर म्हणाले, "हिच्यातून जनावर दिसंल. मरायचं न्हाई. पोराला खेळणं पायजे आसंल तर जत्रंतून आणून देतो." आणि वाट्याच्या धान्याची काही गरज नसताना त्यांनी त्या कामावर स्वतःचं नाव सांगितलं. पंचांनी दसऱ्याला गावच्या सीमेवर दोघांचा नेम पाहायचं ठरवलं.

दरवर्षी खंडेनवमीला सुभेदार आपली दुर्बीण स्वतःच्या परवान्याच्या रायफलीवरून उतरवत. रायफल एका पाटावर, दुर्बीण दुसऱ्यावर, आणि झेंडूचा मोठा हार दुर्बिणीला. पूजलेल्या शस्त्राला सीमोल्लंघनापर्यंत हात लावायचा नाही, हा त्यांच्या घरचा नेम. मग दसऱ्याला सीमेवर जाऊन ते दुर्बीण पुन्हा चढवत आणि हवेत एक बार काढत. हवेतल्या बाराला नेम लागत नाही. त्यामुळे चढवताना काही बिघडलं तरी ते कधी कळलं नव्हतं, आणि वर्षभर लक्ष्यावर झाडायला त्यांच्याकडे काडतुसंही नव्हती.

त्या दसऱ्याला लक्ष्याच्या फळ्या तपासायला मला उभं केलं होतं. ऊन स्वच्छ होतं. शिवरामच्या गोळ्या खडूच्या वर्तुळात गेल्या. सुभेदारांच्या गोळ्या एकमेकींना चिकटून, रुपयाखाली झाकाव्यात अशा, पण वर्तुळापासून वीतभर डावीकडे. असा हात मी त्यानंतर पाहिला नाही. मी फळी उचलून दाखवली आणि कोणी हसलं नाही.

शिवराम वडिलांजवळ गेला. "आबा, काच सरकली हाय. पूजेला उतरवली व्हती न्हवं? दोन बार टाकून जुळवून घ्या, मग परत मारा. मी थांबतो."

"लष्कराची काच सरकत न्हाई," सुभेदार सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "सरकवली आसंल. रातभर देवघरात व्हती. आन् घरात तू व्हतास."

शिवरामने पंचांना दिवस कलेपर्यंत थांबवलं आणि दोन्ही दुर्बिणी माझ्यासमोर धरल्या. दुपारी उन्हात पाहिल्या तेव्हा मला त्यांत फरक वाटला नव्हता. आता त्याच्या दुर्बिणीत काळ्या चहासारखा अंधार होता, आणि सुभेदारांच्या दुर्बिणीत झाडीतली पानं अजून सुटी दिसत होती. "डुकरं ह्याच वक्ताला येत्यात," तो पंचांना म्हणाला. "उन्हात माझी काच कमी न्हाई. आत्ता ती आंधळी हाय. काम आबांना द्या." चार दिवसांनी तो मुंबईला गेला. सुनेने जाताना वाकून नमस्कार केला, तेव्हा सुभेदार रायफल पुसत होते.

पुढे त्यांनी पुष्कळ डुकरं पाडली. काच जुळवून घेतली हे उघड होतं. मी एकदा विचारलं, शिवरामला काही कळवू का. ते म्हणाले, "मास्तर, शाळा तुमची पिंपरीला हाय. हितं न्हाई."

पुढच्या खंडेनवमीला मी चऱ्होलीत होतो. त्यांनी एकच पाट मांडला. दुर्बीण रायफलीवरून उतरवली नाही, स्क्रूलाही बोट लावलं नाही. हार दोघींना मिळून घातला. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. दोष कुणाचा होता हे त्या माणसाला कळलं होतं, आणि एका पोस्टकार्डाएवढं बोलायलाही तो तयार नव्हता. तेव्हापासून मी त्यांच्या ओट्यावर बसणं सोडलं.

गेल्या महिन्यात ते गेले. शेवटचे आठ दिवस मी उशाशी होतो, बायकोने सांगितलं म्हणून. त्यांची जीभ अखेरपर्यंत शाबूत होती. औषध कडू आहे, उशी हलकी आहे, डॉक्टर पोरगेला आहे, सगळं ते बोलले. शिवराम अग्नी द्यायला वेळेवर पोचला. इंद्रायणीवरून परतताना ओल्या धोतराने तो माझ्या शेजारून चालत होता.

"दाजी," तो म्हणाला, "आबा काय बोलले का, माझ्याबद्दल?"

मेलेल्या माणसासाठी खोटं बोलायला माझी हरकत नव्हती. शिवरामशी खोटं बोलायला होती.

"नाही," मी म्हणालो.