डोळ्यांच्या रेषेतली घागर

२००४ साली निवृत्त होईपर्यंत इंद्रभान सरांच्या वर्गात छताच्या अँगलला विहिरीची एक जुनी कप्पी टांगलेली होती.

तरुणपणी नवीन जालन्यात बियाण्यांच्या दुकानांच्या पाट्या रंगवत त्यांनी चित्रकलेचा कोर्स पुरा केला आणि केदारखेड्याकडच्या एका हायस्कुलात ते ड्रॉइंग शिकवू लागले. १९८८ साली त्यांच्या वर्गातली सगळी मुलं चित्रकलेच्या एलिमेंटरी परीक्षेत नापास झाली. टेबलावरच्या घागरीचं पोट मुलांनी समोरून काढलं होतं, तोंड मात्र भाकरीसारखं पूर्ण गोल.

मुख्याध्यापक काकासाहेब म्हणाले, "पुढच्या वर्षीही असंच झालं, तर तुमचे तास गणिताला देऊन टाकीन."

सरांनी फळ्यावर चपटं तोंड कितीदा तरी काढून दाखवलं. फळा पुसला, की पुन्हा भाकरी. शेवटी मेंढ्या राखणाऱ्या घरातली गोपिका म्हणाली, "सर, घागरीचं तोंड गोलच ऱ्हातं. मी रोज भरते ना."

त्या संध्याकाळी सर हापशावर जाऊन उभे राहिले. घागरी जमिनीवर, पोरी उभ्या. वरून पाहणाऱ्यांना दुसरं काय दिसणार?

दुसऱ्या दिवशी वर्गात कप्पी आली. सरांनी दोर ओढला. घागर वर चढू लागली, तसं तिचं तोंड चपटं होत गेलं. बसलेल्या मुलांच्या डोळ्यांसमोर आली तेव्हा नुसती आडवी रेघ उरली.

"सर, तोंड मिटलं तिचं!" भुजंग ओरडला.

"तुझं कधी मिटणार, बाबा?"

वर्ग हसला. गोपिका मात्र घागरीकडेच बघत होती. "पुन्यांदा खाली घ्या सर. जल्दी नका करू."

पुढच्या परीक्षेला भोकरदनच्या केंद्रावर उंच स्टुलावर बादली ठेवली होती. गोपिकाच्या कागदापाशी पर्यवेक्षक थांबले. "बादलीला तोंड काढायचं विसरलीस का?"

"न्हाई सर. माझ्या जागेवरून एवढंच दिसून राह्यलं."

निकाल घेऊन काकासाहेब स्वतः वर्गात आले. सगळी मुलं पास. गोपिकाला ए ग्रेड.

"तास तुमचेच, इंद्रभान," ते म्हणाले. मग पहिल्या बाकावर, मुलांच्या मधोमध, अंग चोरून बसले. "मलाही एकदा दाखवा."

सरांनी दोर गोपिकाच्या हातात दिला. घागर संथपणे वर निघाली.

"अरे, मिटलं की तोंड!" काकासाहेब ओरडले.

भुजंगने सरांकडे पाहिलं. सरांनी ओठांवर बोट ठेवलं, पण हसू त्यांनाच आवरत नव्हतं.