तळेगावहून आले शेवाळाचे सात गोळे

माझी नणंद, शांताताई, तळेगावला एकट्या राहतात. त्यांचा मुलगा प्रशांत याने वर्ध्याजवळ आमच्या सावंगीत फ्लॅट घेतला, तेव्हापासून तो आईला बोलावत होता आणि ताई झाडांचं कारण सांगत होत्या. मग मी मोबाईलवर जपानी कोकेडामा पाहिला. कुंडी नाही; मुळांभोवती मातीचा गोळा, वरून शेवाळ, दोऱ्याने बांधून टांगायचा. झाडं आली की ताईही येतील, असं ठरवून श्रावणातल्या एका शनिवारी मी वर्ध्याहून एसटी पकडली.

आर्वीमार्गे दोन-अडीच तास. बायकांना अर्धं तिकीट. आर्वीच्या स्टँडवर गरम आलुबोंडा जरूर खा. चहा मात्र गाडीत नेऊ नका. माझा साडीवर सांडला.

ताईंनी बेत ऐकला आणि विचारलं, "प्रशांतनं पाठवलं ना तुले?" मी नाही म्हटलं, त्यांना पटलं नाही. तरी न्हाणीमागच्या भिंतीवरचं शेवाळ त्यांनीच भाजी परतायच्या सराट्याने अलगद सोडवून दिलं.

दोन वाट्या काळी माती, एक वाटी कोकोपीट म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, पाणी शिंपडून मळायचं. नुसती काळी माती वाळली की तडकते. माझा पहिला गोळा मनीप्लांटसकट मांडीत फुटला. पाणी जास्त झालं म्हणत ताईंनी पदर खोचला. दिवाळीला गल्लीभर लाडू वळून देणारा तो हात. तासाभरात सात गोळे झाले, सगळे एका मापाचे. तुळशीला मात्र त्यांनी हात लावू दिला नाही. तुळस टांगत नसतात म्हणाल्या.

रविवारी सकाळी मी त्यांचे कपडे पिशवीत भरायला घेतले. त्यांनी पिशवी काढून घेतली आणि गोळ्यांचं घमेलं माझ्या हातात दिलं.

"झाडं ने. मी नाई येत," त्या म्हणाल्या. "खरं सांगू? झाडाइचं निमित्त होतं. मले इथंच राहाचं हाय."



बसमध्ये शेजारच्या बाईंनी विचारलं, ही कोणती पूजा. मी जपानी म्हटलं. त्यांनी घमेल्याला नमस्कार केला आणि मागच्या सीटवरच्या दोघींनाही करायला लावला.

प्रशांतने दार उघडलं, माझ्या मागे जिन्यात पाहिलं आणि घमेलं घेतलं. सगळे गोळे गॅलरीत टांगले. गोळा हाताला हलका लागला की बादलीत दहा मिनिटं बुडवायचा, एवढंच काम. पण दोन पिवळे पडलेच.

ताई आल्या नाहीत, त्या अर्थी माझी फेरी फुकट गेली असं मी धरून चालले होते. पण मागच्या शनिवारी प्रशांत ते दोन गोळे घेऊन तळेगावला गेला. सोमवारी परतला, रिकाम्या हाताने. म्हणाला, अजून सुधारले नाहीत, आईकडेच ठेवलेत. येत्या शनिवारी पुन्हा जावं लागेल.

काल मी सहज त्याच्या गॅलरीत डोकावले. राहिलेल्या पाचांपैकी एकालाही त्याने पाणी दिलेलं नव्हतं.