कमानीसमोरची जागा

"आधी खा, मग घे."

समोर कुणी उभं राहिलं की बाय केळीच्या सुक्या पानाची गुंडाळी सोडायची आणि एक सुकेळं त्याच्या हातावर ठेवायची. तो चावत असताना त्याच्या तोंडाकडे टक लावून बघायची. घाईघाईनं गिळलं तर दुसरं खायला लावायची. विकणं ही पुढची गोष्ट.

वसईचा आठवड्याचा बाजार ज्यांनी पाहिलाय, त्यांना ती आठवेल. लाल लुगडं, समोर टोपली आणि पाठीमागे पोर्तुगीज काळातली दगडी कमान. बाय सांडोर गावची. राजेळी केळी पिकवून, सोलून, कितीतरी दिवस उन्हात वाळवायची आणि रोज दव पडायच्या आत घरात घ्यायची. "पोरांना घेतो तशी," म्हणायची.

मी गोखिवऱ्याच्या बिल्डिंगमधला निवृत्त मास्तर. निवृत्तीनंतर मला वारशाचं वेड लागलं. दर शुक्रवारी कॅमेरा गळ्यात अडकवून कमानीचे फोटो काढायला हजर. बायको म्हणायची, "त्या दगडांना तरी सुखानं राहू द्या." मी कसला ऐकतोय! सकाळचं ऊन कमानीवर आलं की मध्ये नेमकी बायची टोपली यायची.

"बाय, जरा सरकता का?"

ती कुरकुर न करता उठायची, टोपली बाजूला घ्यायची. "काढ मास्तर, तुझी कमान काढ." मग पुन्हा बसून मला सुकेळं द्यायची. असं सात-आठ वर्षं चाललं.

मग नवा बाजार बांधायचं ठरलं. पत्र्याखाली सिमेंटचे ओटे, चिठ्ठ्या टाकून वाटायचे, आणि इथं बसत असल्याचा पुरावा असेल त्याचंच नाव चिठ्ठीत. बाकीच्यांकडे बाजाराच्या जुन्या पावत्या होत्या. बायच्या घरात एका पावसाळ्यात पाणी शिरलं, तेव्हा तिच्या पावत्यांचा लगदा झालेला. लग्न होऊन आल्यापासून सासूशेजारी बसलेली बाई, पण हातात कागद नाही. ती माझ्याकडे आली.

"बाजाराच्या कचेरीतला साहेब बोलला, फोटो पण चालंल. तुझ्याकडं तर ढीग असतील."

मी छाती फुगवून म्हटलं, "बाय, तुम्ही काळजीच सोडा."

घरी येऊन कॉम्प्युटर उघडला. शेकडो फोटो. कमान उन्हात, कमान ढगाळ हवेत, कमानीच्या फटीतलं पिंपळाचं रोपटंसुद्धा. बाय एकाही फोटोत नाही. एका कोपऱ्यात लुगड्याचा लाल काठ तेवढा दिसत होता. तोच फोटो छापून कचेरीत नेला. साहेब सज्जन माणूस. बराच वेळ निरखून हळूच म्हणाले, "मास्तर, यात बाई कुठंय?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तिला जाऊन तो फोटो दाखवला आणि झालं ते सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. "जाऊ दे रे. उठत तर मीच होते ना?" असं म्हणाली, आणि मी भर बाजारात रडलो.

बायच्या शेजारी बसणाऱ्या भाजीवालीची चिठ्ठी निघाली. पहिल्याच दिवशी तिनं बायला हाताला धरून आपल्या ओट्यावर आणलं. "बस अर्ध्यात. माझ्या भाजीला काय लोळायला जागा पाहिजे?" बाय अख्खा हंगाम तिथं बसली.

यंदा पावसाळ्यात बाय गेली. मातीला मी होतो. दिवाळी झाली, सुकेळ्यांचा हंगाम आला, आणि मी शुक्रवारी बाजारात गेलो. भाजीवालीच्या अर्ध्या ओट्यावर पालक, मेथी आणि मुळा एकमेकांच्या उरावर बसलेले. उरलेला अर्धा ओटा स्वच्छ झाडून मोकळा ठेवलेला.

"आता पसरा की सगळीकडे," मी म्हटलं.

"चिठ्ठी माझ्या नावाची, मास्तर. जागा तिची."

मुळ्याची एक जुडी घसरून मोकळ्या बाजूला गेली होती. बोलता बोलता तिनं ती अलीकडे ओढून घेतली.