बाबांचा पेटीचा वर्ग आणि अडकणारं इंटरनेट

गुडघे दुखायला लागल्यापासून बाबांचं गावोगावच्या भजनांना जाणं थांबलं. आमच्या पावसच्या बागेतली कलमं ते अजूनही काठी टेकत बघून येत, पण पेटी मात्र कापड पांघरून कोपऱ्यात बसून होती. बाबांचं गप्प बसणं मला बघवेना, म्हणून मी त्यांना कॉम्प्युटरवरून शिकवायला बसवलं. पहिला विद्यार्थी मिळाला तो डोंबिवलीला नोकरी करणारा आमच्याच वाडीतला एक चाकरमानी. येत्या गणपतीत वाडीच्या भजनाला त्याला पेटीवर बसायचं होतं. त्याच्या मागोमाग आणखी चारपाच जण आले.

घरातला कॉम्प्युटर जुना. सुरू व्हायलाच इतका वेळ घ्यायचा की बाबा तोवर पेटीचा भाता मारून मारून कंटाळायचे. मी रत्नागिरीत एका ऑफिसात हिशेबाचं काम करते, मशीन उघडण्याशी माझा कधी संबंध आला नव्हता. तरी व्हिडिओ बघून बघून एका रविवारी मी तो उघडला. आत नवी एसएसडी बसवली, रॅम वाढवली, नवी विंडोज टाकली. वर्गाचं रेकॉर्डिंग ठेवायला बाहेरून जोडायची वेगवान डिस्कही आणली. बटण दाबलं आणि कॉम्प्युटर झटक्यात सुरू झाला. मी अंगणात जाऊन दोन मिनिटं एकटीच हसले.

तो आनंद त्यानंतरच्या पहिल्याच वर्गापर्यंत टिकला.

"बुवा, आवाज तुटतोय," विद्यार्थी म्हणाला. पडद्यावर त्याचं तोंड उघडं राहून थिजलेलं. बाबांनी पुन्हा वाजवलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा त्यांनी भाता मिटला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "काय गो, हा जुनाच बरा होता."

मला ते लागलं.

मोबाइल कॉम्प्युटरच्या शेजारी ठेवून बघितला, त्याच वायफायवर तो सुसाट चालत होता. म्हणजे लाइन ठीक होती, राउटर ठीक होता. दोष आमच्या मशीनमध्येच. नवी सिस्टीम मागच्या मागे अपडेट उतरवत असते हे कळल्यावर ते थांबवलं. थोडा फरक पडला, पण सूर तुटायचा थांबला नाही. वायफायचा ड्रायव्हर काढून नवा टाकला. मी ऑफिसातून येऊन तपासायची तेव्हा वेग चांगला दिसायचा आणि वर्ग सुरू झाला की पुन्हा रडगाणं. मुंबईहून भावाचा फोन आला, "कशाला डोकं खपवतेस? दुकानात टाकून ये." मी म्हटलं, "मी उघडलाय, मीच बघेन."

एका सकाळी चहा पिताना बाबा सहज म्हणाले, "बेस्तरवारी मात्र आवाज एकदाही तुटला नाही हो. अख्खा अभंग बसवून घेतला मी त्या डोंबिवलीवाल्याकडून."

मी कप खाली ठेवला. "गुरुवारी काय वेगळं होतं, बाबा?"

"काही नाही. तीच खुर्ची, तीच पेटी." मग बशीत चहा ओतता ओतता, "रेकॉर्डिंग तेवढं झालं नाही. डिस्क भजनमंडळाने नेली होती ना, जुन्या चाली तिच्यावर उतरवून घ्यायला."

मी उठून कॉम्प्युटरच्या मागे वाकले. कॉम्प्युटरला वायफाय पकडून देणारं बोटाएवढं डोंगल आणि ती नवी डिस्क, दोन्ही मागच्या बाजूला अगदी खांद्याला खांदा लावून खोचलेली. डिस्क लावून तिच्यावर काहीतरी कॉपी करायला घेतलं आणि वेग मोजला, आकडा धाडकन खाली आला. डिस्क काढली, आकडा वर. पुन्हा लावली, पुन्हा खाली. मग शोधून वाचलं तेव्हा उलगडलं: अशा वेगवान डिस्का चालताना जो विद्युत गोंगाट करतात, तो जवळच्या वायफायच्या लहरींत मिसळतो. मी तपासायची तेव्हा डिस्क स्वस्थ असायची. वर्गात रेकॉर्डिंग चालू असायचं, म्हणून वर्गातच घोटाळा.

डिस्क पुढच्या बाजूला जोडली. डोंगल एका लांब वायरीने कपाटावर नेऊन ठेवलं. बस्स, एवढंच.

संध्याकाळी वर्ग लागला. बाबांनी भूपाची सुरावट वाजवली आणि डोंबिवलीहून ती जशीच्या तशी, न अडखळता परत आली. बाबांनी मुद्दाम द्रुत लय घेतली. तोही मागे राहिला नाही. रेकॉर्डिंगचा लाल ठिपका सगळा वेळ चालू होता.

"बुवा, नवीन लाइन घेतलीत काय?" त्याने विचारलं.

"लाइन तीच," बाबा म्हणाले. "माझ्या मुलीनं दुरुस्त केलंन. मशीन पण तिनंच बसवलंन, मेकॅनिक नाही आणला."

"गुरुवारचं तुम्ही सांगितलंत म्हणून सापडलं," मी मागून म्हटलं.

"माझे कान आहेत ते," बाबा म्हणाले, आणि पेटीवर अशा ऐटीत बोटं ठेवली की मला त्यांचे जुने दिवस आठवले, वाडीच्या देवळात माणसं बाबांच्या पहिल्या सुराची वाट बघायची ते. हल्ली शेजारीपाजारी माझ्याकडे अडलेले प्रिंटर नि लॅपटॉप घेऊन येतात. त्यांना बाबाच आधी ओटीवर बसवून विचारतात, "बंद पडतो तेव्हा शेजारी काय चालू असतं, ते सांगा आधी."