दाराएवढा फोटो

माह्या लहान्या जावेचा फोटो अकोल्याच्या तिच्या घरी दाराएवढा हाये. तिच्या पोरानं फोटो छापाची मोठी मशीन घरीच आणली अन् पयला फोटो मायचा छापला. हे फोनवर समजलं तवापासून मले भाकर गोड लागे ना.

माहा लेक अमरावतीले हापिसात हाये. सुट्टीच्या दिवशी तलावावर जाऊन पाखरायचे फोटो काढते. त्याले बी घरी प्रिंटर घ्याचा होता. टेबलावर मावते असा लहान घ्यावा का पायावर उभा राहते असा मोठा, हेच त्याचं चालू होतं. मोठ्याले कागदाचा रोल लागते, शाई लय लागते, अन् चालवत नाई राहिलं त शाई मशीनच्या तोंडाशीच वायून सुकते. सून म्हने, ठेवसान कुठी? म्या म्हनलं, माही बाज काढा अन् तथी ठेवा, मी वरांड्यात निजन.

लेक हासला. "माय, तुले पाखरायचं येवढं येड कधीपासून लागलं?"

मले पाखरं नोयती पायजे. मले जावेपेक्षा मोठा फोटो पायजे होता.

माहा मालक गेला तवा पोरगा लहान होता. दीर नोकरीवर अकोल्याले. अंजनगावाकडचं वावर म्या एकलीनं केलं. झेंडू लावला, तोडला, टोपलं डोक्यावर नेऊन इकला. जाऊ दिवायीले ये, चांगली साडी नेसून फुलायत उभी राहे, फोटो काढून घे अन् पिशवीभर फुलं घेऊन जाये. मी तवा रडली नाई. पण पोटात जयलं ते आजलोक जयूनच राहिलं.

लेक म्हने, घ्याच्या आंधी त्याहीची मशीन पाहून येऊ. एसटीनं अकोल्याले गेलो. लेकानं माह्या पुतण्याले, जावेच्या पोराले, लय इचारलं, शाई किती जाते, कागद कोणता लागते. पुतण्या म्हने, दोन-चार फोटो छापले, मंग तशीच पडून राहिली, शाई वायली, आता दुरुस्तीवाला येईन तवा. मले आतून बरं वाटलं. खोटं काहून सांगू.

मंग मी त्या फोटोपुढं उभी राहिली. जाऊ झेंडूत हासून राहिली होती. मांगं, वावराच्या कडंले, पार धुऱ्याजवय, एक बाई वाकून फुलं तोडत होती. फोटोत ते बाई मुठीएवढी. साडीवर माणसाचा शर्ट, बाहीले निळं ठिगळ. ते ठिगळ म्याच लावलं होतं. मालकाचा शर्ट तो. ऊन लागू नाई म्हणून मी वावरात घालो.

म्या जावेले इचारलं, "हे मांगं कोण व्हय वो?"

तिनं चष्मा सारखा केला. "असन कोणी मजूर बाई."

म्या चहा पेला. कपबशी धुवून ठेवली.

जाऊ आत गेली तवा पुतण्याले म्हनलं, येवढा कोपराच मोठा करून देशीन का? त्यानं कम्प्युटरवर करून पाह्यलं. जसा मोठा करे तसे त्या बाईचे चौकोन चौकोन होऊन जाये. "फोटो फुटते, मोठीमाय," तो म्हने. "दुरून काढला हाये ना." मशीन मोठी असून काय कामाची मंग.

एसटीत लेक हळूच म्हने, "माय, ते तू व्हय ना?"

म्या खिडकीबाहेर पाह्यलं. मंग तो म्हने, प्रिंटर लहानच घेतो, पण तुहा फोटो जवयून काढतो.

बाज जागची हालली नाई. लहान प्रिंटर टेबलावर बसला. एका रविवारी आमी वावरात गेलो. म्या पेटीतला तो शर्ट काढून घातला. लेक कॅमेरा घेऊन इतका जवय आला का मले हासूच आलं. फोटो हातभर निंगाला. तोंडावरची एक सुरकुती सुटली नाई.

दिवायीले जाऊ आली. फोटोपुढं उभी राहिली. बाहीच्या ठिगळावर बोट ठेवलं, अन् ते बोट तथीच राहिलं.

"बाई, मी अकोल्याचा फोटो काढून टाकतो," जाऊ म्हने.

"राहू दे," म्या म्हनलं. "मी हावो ना त्याच्यात."

ते माह्याजवय बसली अन् न सांगता लसूण सोलाले लागली. चांगलं वाटलं. पण तिचा दाराएवढा अन् माहा हातभर, हे काई मनातून जाये ना. जाऊ निजल्यावर म्या लेकाले इचारलं, बाजारात कोणी मोठा छापून देते का?