वीतभर ट्रॅक्टरचा लाल

मुस्तकीमला गिऱ्हाईक आवडत नसे, आणि शहाणं गिऱ्हाईक तर मुळीच नाही. माजलगावात रस्त्याकडेला तो ट्रॅक्टर रंगवी आणि फावल्या वेळात पत्र्याचे वीतभर ट्रॅक्टर करी. बजरंगनं आपल्या ट्रॅक्टरचा तसा नमुना करायला टाकला होता. आज तो ट्रॅक्टर रस्त्यापलीकडं लावून आला आणि तयार नमुन्याचा फिका लाल बघून तणतणला.

"अस्सल रंगाचा डबा दिलता तुला. त्यात पांढरा कावून मिसळला बे?"

मुस्तकीमनं त्याला बसही म्हटलं नाही. फळीवरून त्यानं दुसरा नमुना काढला, नुसत्या डब्यातल्या रंगाचा, आणि दोन्ही कट्ट्यावर ठेवले.

"वाक. एक डोळा झाक. आता पलीकडं तुझा ट्रॅक्टर बघ."

बजरंग कुरकुरत वाकला. डब्यातल्या रंगाचा नमुना वाळल्या रक्तासारखा काळपट दिसत होता. पांढरा मिसळलेला मात्र पलीकडच्या ट्रॅक्टरसारखा हुबेहूब लाल.

"वीतभर ट्रॅक्टर म्हंजे लांबून दिसलेला ट्रॅक्टर," मुस्तकीम खेकसला. "लांबचा रंग फिका पडतो, येवढं बी कळंना व्हय?"

"बरं, हाच दे," बजरंग पुटपुटला.

मुस्तकीमनं काळपट नमुना त्याच्या हातात कोंबला.

"डबा तुझा व्हता, हा घेऊन जा. नजर माझी हाय, ती इथंच ऱ्हाईल."